भाड्याच्या जामीनदाराची शपथ

टाळकरी बुवा, जरा थांबा. टाळ थांबले की माझा बेसूर उघडा पडतो, पण इलाज नाही! मंडळी, ऐका — माणसाला जास्त अवघड काय? खोटं बोलणं, की बोललेलं खोटं परत घेणं?

उत्तरासाठी जाऊ जुन्या लंडनला! मी स्वतः कल्याणच्या पुढे गेलेलो नाही, पण वर्णन असं करीन की तुम्हाला थंडी वाजेल.

तिथे कर्ज थकलं की तुरुंग! फेडेपर्यंत सुटका नाही. आत बसून कमवायचं कसं? — हे कायदा करणाऱ्याला कुणी विचारलंच नाही! खटला होईपर्यंत बाहेर राहायचं तर घरदार असलेला जामीनदार हवा. म्हणून कोर्टाच्या दारात भाड्याचे जामीनदार उभे असत, बुटातून गवताची काडी बाहेर काढून. काडी दिसली की गिऱ्हाइकानं ओळखायचं — इथे शपथ विकत मिळेल!

आपला बार्नबी पिंच त्यातलाच. छाती काढून सांगायचा, "हुजूर, माझं दुमजली घर आहे!" राहायचा जिन्याखालच्या खोलीत, तिथे छाती काढायलाही जागा नव्हती. शपथ शोभावी म्हणून त्यानं सायलस शिंप्याकडून मखमली कोट शिवून घेतला. उधारीवर! उधारी थकली, शिंप्यानं त्यालाच आत टाकलं. ज्यांना यानं सोडवलं, त्यातला एक तरी फिरकला? छे!

दिवस गेले. बायको हेस्टर गजांतून पाव द्यायची आणि रोज आणखी वाळलेली दिसायची. मग नवा कायदा आला — 'माझ्याकडे काही नाही' अशी शपथ घ्या, असेल ते देऊन टाका, घरी जा.

हेस्टर म्हणाली, "अहो, एकदा तरी खरं बोला."

बार्नबी कोर्टात उभा राहिला. "हुजूर, मी कफल्लक आहे."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही? इथेच दुमजली घराची शपथ घेतली होतीत ना?"

"ती खोटी होती, हुजूर."

"मग आजची कशावरून खरी?"

झालं! तेवढ्यात शिंपी उठला. "हुजूर, मी स्वतः माप घेतलंय. साहेब खानदानी आहेत! पैसे दडवलेत."

"अरे सायलस, मी भिकारी आहे रे!"

"साहेबांचा विनय बघा, हुजूर!"

न्यायाधीश म्हणाले, "पिंच, घराची ती शपथ खोटी ठरली तर सहा महिने कैद आहे. विचार करा."

बार्नबीनं विचार केला — गरिबाला जन्मभर, आणि खोटारड्याला सहाच महिने? "हुजूर, मी खोटारडा आहे! हात जोडतो, विश्वास ठेवा!"

"पुरावा?"

बार्नबीनं कोट काढला. सदऱ्याला पुढून इस्त्रीची छाती, कडक कॉलर. बाह्या नाहीत. आणि पाठ? पाठच नाही! दोन नाड्या बांधलेल्या, त्यामागे फासळ्या. कोर्ट हसून लोळलं. हेस्टरनं मात्र मान खाली घातली.

शिंपी जवळ आला, नाड्यांकडे बघत राहिला. "हुजूर," तो पुटपुटला, "याच्याकडून काही निघणार नाही."

कर्जातून सुटका, खोट्या शपथेची कैद! आणि बार्नबी उघड्या पाठीनं ताठ चालत आत गेला. का? — पहिल्यांदाच हेस्टरला सांगता आलं, मी अमुक दिवशी घरी येतो!

मंडळी, आपण देवापुढे 'मी पामर' म्हणतो, आणि शेजाऱ्यानं ऐकलं ना, हे हळूच बघतो! आता मला ज्ञानी समजाल, तर त्या शिंप्यासारखे फसाल. आज घरी गेलात की एक खोटं परत घ्या, एकच! आधी तुम्ही घ्या. माझी यादी लांबलचक, माझ्या मागे उभे राहिलात तर तुमचा नंबरच लागायचा नाही!