बाबाची थंडीची परीक्षा

हसा तुम्ही, पण बाबाले हिमाचलातल्या स्पितीचं वेड लागलं तेव्हापासून माझी झोपच उडाली होती. कोराडीच्या वीज केंद्रात आयुष्यभर बॉयलरजवळ काम केलेला माणूस, वय बहात्तर, आणि म्हणे बर्फात तंबूत झोपतो!

"बाबा, तिथं रात्री पाणी गोठते."

"मंग मी काय पाणी आहो?"

एकट्याले सोडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून बुकिंग दोघांचं करायचं ठरलं. पण त्याआधी मी एक अट घातली. काटोलले माझ्या मामेभावाचं, सुधीरचं, संत्र्यांचं कोल्ड स्टोरेज आहे; बुकिंगही तोच करून देणार होता. म्हटलं, तिथं अर्धा तास काढून दाखवा. मले वाटलं, पाच मिनिटांत बाहेर येतील.

बाहेर एप्रिलचं ऊन. आत बाबा कानटोपी घालून नव्या स्लीपिंग बॅगेत शिरले आणि क्रेटच्या मधात आडवे झाले. मी साध्या पंजाबी ड्रेसवर शेजारी स्टुलावर. दर मिनिटाले विचारून राहिली, "बाबा, ठीक आहे ना? छातीत दुखत तर नाही? बोटं हलवून दाखवा!"

आधी हूं हूं करत होते. मग उत्तरच येईना. घाईघाईनं बॅगेची चेन ओढली, तर बाबा घोरून राहिले होते!

तेवढ्यात सुधीर आला. माझे दात असे वाजत होते, की मले बोलताच येईना. बाबानं डोळे उघडले, माझ्याकडे पाह्यलं, आपली कानटोपी काढून माझ्या डोक्यात घातली आणि सुधीरले म्हणाले,

"बुकिंग एकाचंच कर गा. हिले नाही झेपत."