शाबूत मिशांची झुरळं

बायजाबाई : तू तिथं झुरळाचं नाव काढलं न, तं मी येत नाही. आत्ताच सांगून ठेवतो.

कौशल्या : माय, अगोदर तो पदर नीट कर. आणि नाव नाही काढायचं तर मी बोलू काय? विद्यापीठ आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचा सत्कार करतंय, सायन्स शिकून ज्यांनी काही काम केलं त्यांचा. प्रत्येकाने दोन शब्द बोलायचेत. कोणामुळे शिकलो ते सांगायचंय.

बायजाबाई : तं सांग न. सरायचं नाव घे. बापाचं घे, जलमभर गिरणीत राबला. माहं कायले घेते?

कौशल्या : बाबांचं घेणारच आहे. पण बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलसाठी चिरायला झुरळं लागायची, ती काय बाबांनी आणली?

बायजाबाई : घे! काढलं नाव. घरातच काढलं!

कौशल्या : अगं, कॉलेज देत नव्हतं, ज्याने त्याने घरून आणायची. बाकीच्या पोरींना भाऊ आणून द्यायचे, घरचे नोकर आणून द्यायचे. अन् मी? मी तर झुरळ पाहिलं की खाटेवर चढायची.

बायजाबाई : अजूनही चढते. काल रातीच चढली. किड्याची डॉक्टरीण म्हणे.

कौशल्या : मी कपाशीवरच्या अळ्यांची डॉक्टर आहे. झुरळांचा आणि माझा आता काही संबंध नाही.

बायजाबाई : मंग संबंध नाही तं भर सभेत कायले नेते त्याइले?

कौशल्या : त्यांना नाही नेत गं, तुला नेते. तू ती धरली नसतीस तर मी पहिल्याच वर्षी घरी बसले असते. बाबा म्हणालेच होते, आर्ट्स घे, तिथं काही कापायचं नसतं. विसरलीस?

बायजाबाई : नाही विसरली. म्हणूनच म्हणतो, नाव नको काढू.

भीमाबाई : जय भीम वं बायजा! झाली का तयारी? अरे बाप रे, कौशल्या, काय मस्त दिसून राहिली! पेपरात फोटू आला म्हणते तुहा. हे पाह्य, मी माहं निळ्या काठाचं लुगडं आणलं, तुह्या मायले नेसव. ते आंगावरचं बिलकुल नको, त्याचा रंग उडला.

कौशल्या : या, भीमामावशी. तुम्ही भिंतीपलीकडून सगळं ऐकलंच असेल.

भीमाबाई : भिंत कुठी हाय बाई, बांबूचा टट्टा हाय तो. ऐकलं न. आमची झुरळवाली येऊन नाही राहिली म्हणते!

बायजाबाई : पाहिलं, कौशल्या? पाहिलं का? किती साल झाले, पण नाव तेच. नळावर गेली तं झुरळवाली, रेशनच्या लाइनीत उभी राहिली तं झुरळवाली.

भीमाबाई : अवं, मजाक होय तो.

बायजाबाई : तुले मजाक. माह्या देवकीले पाहाले पाव्हणे आले होते, त्याइले बाहेरच कोणं तरी सांगितलं, पोरीची माय झुरळवाली हाय म्हणून. म्या चहा देला. त्यायनं घेतलाच नाही. कपात पाहून राहिले नुसते. कपात! न उठून गेले.

कौशल्या : माय... हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

बायजाबाई : तुही परीक्षा होती तवा. सांगून काय होणार होतं? देवकीचं पुढं चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. जावई गुणाचा भेटला. पण तो चहाचा कप अजूनही दिसते मले.

भीमाबाई : म्या नव्हतं सांगितलं बाप्पा त्याइले.

बायजाबाई : तू नाही सांगितलं. पण नाव तं तूच पाडलं.

भीमाबाई : मंग काय पाडू? रोज सांजच्याले पितळेचा गडवा घेऊन माह्या किराण्याच्या दुकानात हजर! 'भीमा, झुरळाले गूळ दे.' मंग माह्याच चुलीमागं तो गडवा ठेवून वाट पाहत बसे. झुरळवाली नाही म्हणू तं का कलेक्टरीण म्हणू?

कौशल्या : मावशी, पुरे. माय, ऐक. नाही काढणार मी नाव.

बायजाबाई : पक्कं?

कौशल्या : पक्कं. झुरळाचं 'झु'सुद्धा नाही. पण मग तू पुढच्या रांगेत बसायचं. मागे दाराजवळ नाही, खांबाआड नाही.

बायजाबाई : तिथं लय माणसं राहतीन का वं?

कौशल्या : सभागृह भरेल, असं म्हणत होते.

बायजाबाई : भरलेली सभा म्या एकदाच पाहिली. छप्पनले, दीक्षेच्या मैदानात. तू माहं बोट धरून होती. केवढी माणसं होती, पण भेव नाही वाटलं. तिथं सारी आपलीच होती न.

कौशल्या : इथं मी आहे ना.

बायजाबाई : हो. तू हाय. आण ते लुगडं, भीमा. तू येत नाही का?

भीमाबाई : माह्या गुडघ्याले पायऱ्या चढवत नाही वं. मी इथंच राहतो, तुह्या घराकडे पाहतो. येऊन सारं सांगजा. एक बोल सोडू नका.

(दिवेलागणीची वेळ. दारापुढे सायकलरिक्षा थांबते. भीमाबाई बायजाबाईच्या ओट्यावर बसलेली आहे.)

भीमाबाई : आल्या वं आल्या! आता काहून आली एवढ्या उशिरा? बायजा, तोंड काहून असं तुहं? रडली का? कौशल्या, कोणं काही म्हटलं का हिले?

कौशल्या : मावशी, अगोदर पाणी द्या तिला. बसू द्या.

भीमाबाई : हे घे पाणी. शाल देली का? दाखव. अरे वा, गरम हाय! न हा नारळ? आपल्याले नारळ काहून देला त्यायनं?

कौशल्या : सगळ्यांनाच दिला. चटणी करू.

भीमाबाई : हो, चटणीले कामी येते. आता सांग. तू नाव काढलं न? काढलंच असंल. म्हणून रुसली ही.

कौशल्या : नाही काढलं, मावशी. बाबांचं सांगितलं, प्रॅक्टिकल घेणाऱ्या घाटे सरांचं सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, आईचे उपकार मी विसरणार नाही. बस. खाली येऊन बसले.

बायजाबाई : बस म्हणे! हिच्याअगोदर एक जण बोलला, पुण्याले मोठा साहेब हाय. तोही म्हणे, आईचे उपकार. त्याच्याअगोदर एक चष्मेवाली बाई. तिचेही आईचे उपकार. हे आली, हिचेही तेच! म्या म्हटलं, झालं? एवढंच?

भीमाबाई : आता घ्या! तूच तं तोंड बंद केलं होतं पोरीचं.

बायजाबाई : केलं होतं. पण तिथं बसल्यावर कसंतरीच वाटलं वं. साऱ्यायच्या माया एकसारख्या. माही पोरगी एवढ्या उंचावर उभी, न मी त्याइच्यातलीच एक.

भीमाबाई : मंग?

कौशल्या : मग घाटे सर बोलायला उठले. फार थकलेत आता. काठी घेऊन उभे होते. म्हणाले, 'या मुलीची एक गोष्ट मला आजवर कळलेली नाही. वर्गात सगळ्यांची झुरळं मोडकी. कोणाचा पाय तुटलेला, कोणाची मिशी गेलेली. हिची मात्र दरवेळी टपोरी, शाबूत, मिशा लांबच लांब. कौशल्या, आज तरी सांग, तू ती आणायचीस कुठून?'

भीमाबाई : अरे बाप रे! सरायनंच काढलं! मंग तू सांगितलं?

कौशल्या : कसं सांगू? मी कबूल केलं होतं हिला. मी नुसती हसले. सगळं सभागृह हसायला लागलं. सर म्हणाले, 'बघा, अजूनही सांगत नाही.' आणि ते खाली बसणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला.

भीमाबाई : कोणाचा?

कौशल्या : तिलाच विचारा.

भीमाबाई : बायजा?

बायजाबाई : मी उभीच होऊन गेली, भीमा. कशी झाली ते मले मालूम नाही. पाय आपोआप उभे झाले. म्हटलं, 'सर, ते म्या धरली.'

भीमाबाई : भर सभेत?

बायजाबाई : भर सभेत. तुह्या लुगड्याचा पदर मुठीत गच्च धरला होता, पाह्य कसा चुरगळला. म्हटलं, 'हातानं धरलं का मिशी तुटते, सर. म्हणून मी हात नव्हती लावत. गडव्याच्या काठाले आतून तेल लावाचं, बुडाशी गूळ टाकाचा. ते आपल्या पायानं येते, न मंग वर चढता येत नाही त्याले.'

भीमाबाई : न लोकं? हासले असतीन.

बायजाबाई : हासले न. लय हासले. पण ते हासणं... नळावरचं नव्हतं वं. वेगळं होतं. मले राग नाही आला.

कौशल्या : टाळ्या वाजवत होते, मावशी. सरांनी काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात जोडले हिला. म्हणाले, 'बाई, तिच्या प्रॅक्टिकलचे अर्धे गुण तुमचे होते, मला ठाऊकच नव्हतं.' आणि तो पुण्याचा साहेब उठून उभा राहिला.

भीमाबाई : त्याचं काय काम तिथं?

कौशल्या : आम्ही एकाच टेबलावर होतो ना. त्याची आई घरात झुरळाचं नाव घेऊ द्यायची नाही. मी माझ्या डब्यातली त्याला द्यायची. तो म्हणाला, 'मावशी, मीसुद्धा तुमच्याच झुरळांवर पास झालोय.'

बायजाबाई : हे मले आज समजून राहिलं! 'माय, एखादं जास्त दे, एखादं मरते,' म्हणे ही. मरत कुठी होतं? त्या साहेबाच्या टेबलावर जात होतं!

भीमाबाई : चांगली हाय हे तुही पोरगी! मंग तुले वरतं बोलावलं का नाही?

बायजाबाई : बोलावलं. मी नाही गेली. तिथूनच बोलली. सरायनं विचारलं, 'बाई, तुमच्या घरी इतकी झुरळं होती?' म्या म्हटलं, 'माह्या घरी कुठून राहतीन, जी? घरी खावालेच काही नव्हतं, तं झुरळ कायले येते?'

भीमाबाई : असं म्हटलं तू?

बायजाबाई : खरं तेच म्हटलं. मंग म्हटलं, 'झुरळं माह्या शेजारणीच्या घरची होती. तिचं किराण्याचं दुकान हाय. गूळही तिचाच. तिनं कधी नाही म्हटलं नाही, कधी मांगूनही नाही घेतला. भीमाबाई तिचं नाव. सत्कार कराचा तं तिचाही करा.'

भीमाबाई : ...माहं नाव घेतलं? तिथं?

बायजाबाई : घेतलं.

भीमाबाई : पुरं घेतलं का नुसतं भीमाबाई?

बायजाबाई : पुरं घेतलं. भीमाबाई देवराव गजभिये.

कौशल्या : माइक नव्हता हिच्याजवळ, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

भीमाबाई : देवराव असते तं... दुकानच बंद ठेवलं असतं उद्या त्यायनं. वस्तीभर सांगत फिरले असते.

कौशल्या : मावशी, रिक्षात बसल्यापासून मी एक विचार करतेय. गडव्याच्या बुडाशी चिमूटभर गूळ पुरतो. मग तुम्ही दरवेळी एवढा मोठा खडा का द्यायच्या?

भीमाबाई : तुह्या मायची झुरळं लय खाणारी होती.

बायजाबाई : झुरळं नव्हती खात, भीमा. आता लपवून काय करू. उरलेला गूळ पोरी खात होत्या. भाकरीसंगं. ही न देवकी.

भीमाबाई : मले का मालूम नव्हतं?

बायजाबाई : मालूम होतं तुले?

भीमाबाई : अवं, दुकानदारीण हाय मी. झुरळ किती खाते, न लेकरू किती खाते, एवढं नाही समजत का मले? म्हणूनच तं झुरळवाली झुरळवाली म्हणत हासत होती. हासत देलं म्हणून तू नेत होती. 'पोरीइसाठी घेऊन जाय' म्हटलं असतं, तं घेतला असता का तू?

बायजाबाई : ...नसता घेतला.

भीमाबाई : मंग. पण ते चहाचं, देवकीच्या पाव्हण्याचं, मले खरंच मालूम नव्हतं वं. आज दिवसभर तेच डोक्यात घुमून राहिलं. मालूम असतं, तं दुसरं काही नाव पाडलं असतं.

बायजाबाई : राहू दे आता. हेच ठेव. आज साऱ्या विद्यापीठानं ऐकलं, आता बदलून कसं चालंल?

कौशल्या : मावशी, ही शाल तुम्ही घ्या. मायला मी दुसरी घेते.

भीमाबाई : हट! तुही तू ठेव, मेहनतीची हाय. मले काय कराची? माहं नाव घेतलं न, पुरं.

बायजाबाई : घे वं, दोघी मिळून पांघरू. थंडीत तूही माह्याच ओट्यावर बसते.

भीमाबाई : मंग ठेव इथंच, बायजा. चाला आत. मी केव्हाचा चहा करून ठेवला, थंडा होऊन राहिला. न कौशल्या, साखर नको मागू. गुळाचा हाय.