चाळिशीचं कलम आणि त्याचे निष्ठावंत वाचक

आजचा गोल बोलावणारे, आणि सभेला सभा व अध्यक्षाला अध्यक्ष म्हणायची बंदी असल्यामुळे नुसतेच 'आपले' रिव्हर. आजचे सत्कारमूर्ती, 'कुंपणं तोडा' या जाहीरनाम्याचे लेखक लेलंड पर्विस. पलीकडच्या कुरणातून वेळात वेळ काढून आलेले गाईवाले सिल्व्हेरा. आणि गवतावर बसलेल्या, पसरलेल्या व डोळा लागलेल्या तमाम वाचकहो!

बोलायची काठी माझ्या हाती आली आहे. ती खाली ठेवेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही, हा तुमचाच नियम. बरं झालं. मी विनी, लेलंडची बायको. रिव्हर, तोंड वाकडं करू नकोस. 'बायको' हा शब्द जाहीरनाम्याने रद्द केलाय हे मला ठाऊक आहे, ते पान मीच टंकलं होतं. रद्द होऊनसुद्धा सहा वर्षं तुम्हाला रांधून वाढलं, तर आज एकदा तो शब्द उच्चारला म्हणून काय क्रांती बुडणार आहे?

आपल्याला वाचक मिळावेत असं कोणत्या लेखकाला वाटत नाही? पहिली प्रतिक्रिया माझ्या सासूबाईंची. फ्रेस्नोहून फोनवर म्हणाल्या, "घर म्हणजे तुरुंग लिहितो होय? मग त्या तुरुंगात रोज याचे मोजे कोण धूत होतं, विचार त्याला." दुसरी ओहायोच्या एका टायरवाल्याची. "महाशय, आपलं पुस्तक वाचून माझा मुलगा ड्वाइट दुकान टाकून निघाला. एक प्रत मलाही धाडा. मलाही दुकान टाकायचं आहे." ते पत्र लेलंड खिशात घालून इथल्या मेंडोसिनोच्या साऱ्या डोंगरात मिरवत होता. मागोमाग ड्वाइट येऊन थडकला. नाव बदलून तोच हा आपला रिव्हर.

तिसरा वाचक सरकारी. चकचकीत बूट घालून झाडीतून आमच्यावर दुर्बीण रोखून बसायचा. पण पुस्तक त्याने इतक्यांदा वाचलं की छपाईच्या दोन चुका त्यानेच दाखवल्या. असा वाचक मिळायला भाग्य लागतं हो!

मग तुम्ही सगळे आलात. लेलंडने लिहिलं होतं, दार सदा उघडं ठेवा. आमचं दार उघडंच असायचं, कारण कडी मोडली होती आणि ती बसवायचा त्याला कंटाळा. तुम्हाला त्यात तत्त्वज्ञान दिसलं. आधी आमची खाट सगळ्यांची झाली, मग खोली. आम्ही गेलो कोंबड्यांच्या खुराड्याशेजारच्या छपराखाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. लेलंड मात्र खूश. "विनी, अगं लोक नुसते वाचत नाहीत, माझं पुस्तक जगतायत!" मी म्हटलं, "जगू देत की. पण माझ्याच उशीवर?"

सिल्व्हेरांनीही वाचलं, बरं का. तुम्ही यांचं कुंपण तोडलंत आणि यांच्या गाई आपल्या कोबीत शिरल्या. हे सभ्य गृहस्थ पुस्तक हातात घेऊन आले आणि म्हणाले, "मला पटलंय हो सगळं. गाईंना कोण वाचून दाखवणार?"

आता जाहीरनाम्याचं ते शेवटचं कलम. 'चाळिशी गाठलेल्याने जमीन तरुणांना सोपवून चालतं व्हावं.' हे लिहिलं तेव्हा लेलंड चौतिशीत होता. त्या वयात चाळिशी हा दुसऱ्यांना होणारा आजार वाटतो! गेल्या आठवड्यात त्याचा वाढदिवस झाला. तुम्ही गाजराचा केक केलात, गाणी म्हटलीत, आणि केक संपताच रिव्हरने ते कलम वाचलं. "लेलंड, तुझ्या शब्दाशी आम्ही प्रामाणिक राहायचं की नाही? तूच सांग."

आणि या शहाण्याने काय करावं? सगळ्यांच्या आधी स्वतःच हात वर केला! आपल्या लेखणीचा केवढा तो ताठा! म्हणून आज हे दुखरे गुडघे घेऊन तो आईच्या गॅरेजमध्ये राहायला निघालाय. मला म्हणतो, "तू राहा, तुला अजून दोन वर्षं आहेत." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. काहीजण रडलेसुद्धा. फार छान रडलात.

मी तेव्हा गोलात नव्हते, चुलीपाशी टोमॅटो उकळून बरण्यांत भरत होते. तुमच्याच हिवाळ्यासाठी.

मित्रहो, इथे बहुमत चालत नाही. एकाने जरी 'नाही' म्हटलं तरी ठराव पडतो, आणि जो हजर नव्हता त्याला पुढच्या गोलात विचारायचं असतं. संडासासाठी ठरवलेल्या जागी मुंग्यांचं वारूळ होतं म्हणून आपल्या ज्युनिपरने एकटीने 'नाही' म्हटलं, आणि आपण अख्खा उन्हाळा खड्डा खणला नाही. सगळे झाडीत गेलो, पण नियम मोडला नाही. हा पुढचा गोल आहे. मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून मीच सांगते. माझं मत, नाही.

लेलंड, मान खाली घालू नकोस, ऐक. पुस्तक टंकताना तुझी पहिली वाचक मी होते आणि तेव्हाच मला कळलं होतं की हा माणूस मूर्ख आहे. तरी राहिले, कारण माझा जीव तुझ्यावर आहे, तुझ्या कलमांवर नाही. तू गेलास तर मला इथे एक दिवस काढवणार नाही. ठराव पडलाय. गाडीतली पिशवी काढ आणि आपल्या खोलीत नेऊन ठेव. आपल्या, कळलं? रिव्हर, तुझी चटई तेवढी उचल बाबा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, नाइलाजाने का होईना, त्याबद्दल आभारी आहे. सूप चुलीवर आहे, आज वाढून घ्यायचं आणि भांडीही घासायची. बोलताना काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. सहा वर्षांत या वाचकाला 'तुला कसं वाटलं' असं कुणी विचारलंच नव्हतं.