अकरा डिसेंबर, पहाटे चार एकवीस

(भाईंदर पूर्वेतल्या एका सोसायटीचं गेट. सकाळ. दिनविशेषाच्या फळ्यासमोर तिघं.)

सुलू: पूस ते. पूस म्हणते ना!

दिव्या: का पण? आज अकरा डिसेंबर. एकोणीसशे सेहेचाळीस, युनिसेफची स्थापना. सदुसष्ट, कोयनेचा भूकंप. एकोणसत्तर, विश्वनाथन आनंदचा जन्म. त्यात माझ्या आजीचा जन्म लिहिला, तर काय बिघडलं?

सुलू: माझा वाढदिवस एक जूनला असतो.

दिव्या: तो शाळेत गुरुजींनी लावलेला. खरा आजचाच, पप्पा बोलले.

काशीनाथ: पोरी, आजीचं ऐक. ह्या दिवसाचं आमच्या घरात कोणी नाव काढत नाही.

दिव्या: मग मामाआजोबा, तुम्ही चेण्याहून एवढ्या सकाळी आजीला विश करायला नाही आलात?

सुलू: विश कसलं! ह्याच्या मुलाच्या, रोहितच्या बायकोचं, पिंकीचं आज डोहाळजेवण आहे, ते सांगायला आलाय माझा भाऊ. जेवायला ये, पण पिंकीची ओटी भरू नकोस, हे सांगायला.

काशीनाथ: सुलू, मला काय हौस आहे? बायका बोलतात. पोरगी पहिलटकरीण आहे.

सुलू: बायका बोलतात, कारण तू त्यांना शिकवलंस. ‘सुलू रडली आणि जमीन हलली.’ प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तुझं हेच पुराण. लोक हसायचे, आणि मी आत जाऊन भांडी आवरत बसायचे.

काशीनाथ: चेष्टेत बोलायचो गं. पण खोटं काय त्यात? तू जन्मलीस आणि घटकाभरात चिपळूणचं घर बसलं. गोठ्यातले दोन बैल गेले.

दिव्या: आणि माणसं?

काशीनाथ: माणूस एक नाही गेलं. देवाची कृपा.

दिव्या: पण भूकंप पहाटे चार एकवीसला झालाय. हे बघा, मोबाइलवर आहे. सगळे झोपलेले असणार ना?

काशीनाथ: कसले झोपताय! आई अडली होती. मागच्या पडवीत सुईण, काकू, आमची म्हातारी, सगळ्या जाग्या. आम्हा चार पोरांना आईचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून बाबांनी उचलून खळ्यात नेलं. डिसेंबरची थंडी, पेंढ्यावर कुडकुडत पडलोय. त्याचा राग अजून आहे मला.

दिव्या: मग घराचं पडलं काय?

काशीनाथ: माजघर. अख्खं आढं खाली आलं. पडवी तेवढी राहिली.

दिव्या: माजघरात रोज कोण झोपायचं?

काशीनाथ: आम्ही.

दिव्या: चौघं?

काशीनाथ: चौघं. आणि म्हातारी.

दिव्या: म्हणजे आजी त्या रात्री जन्मली नसती, तर...

सुलू: दादा? त्या आढ्याखाली तुम्ही पाचही जण सापडला असतात! आणि अठ्ठावन्न वर्षं तू माझ्याच नावाने बोलतोयस?

काशीनाथ: मला हे कधी सुचलंच नाही गं, सुलू. आईशप्पथ, कधीच नाही.

सुलू: मला तरी कुठे सुचलं! मी आपली मान खाली घालून फिरत राहिले. अरे, पाच माणसं वाचवून आले मी! आल्या आल्या, पहिल्याच दिवशी! दिव्या, तो खडू दे इकडे.

दिव्या: मी लिहिते ना, आजी.

सुलू: माझं नाव मी लिहिणार. आणि भूकंपाच्या वर लिहिणार. आधी मी आले, मग तो.

दिव्या: पूर्ण नाव लिही! मोठ्ठं! वॉचमन अंकल, इधर आओ ना, दादी का बड्डे है!

सुलू: दादा, मी संध्याकाळी येतेय. जरीची हिरवी साडी नेसून, पुढच्या दाराने येतेय.

काशीनाथ: ये. पहिली ओटी तूच भरायची. रोहितला आत्ताच फोन लावतो.

सुलू: आणि बायका बोलल्या तर?

काशीनाथ: बोलू देत. त्या आढ्याच्या बरोबर खाली माझं अंथरूण असायचं, हे मी सांगेन त्यांना.