टोपऱ्याच्या नमुन्याचं फळ

छापलेल्या नमुन्यावरून बायका खरंच विणतात का, असं विचारता ना? मग आमच्या गंगाबाईंचं ऐका.

अमरावतीस एका मडमेकडून मी दोन सुयांवर विणायला शिकले आणि तान्ह्या बाळाच्या टोपऱ्याचा नमुना मनानेच बसवला. त्या साली कापसाला सोन्याचा भाव, त्यामुळे हे खुशीत होते. कापूस विकायला अकोल्यास गेले तेव्हा माझा नमुना शिळाछापावर छापूनच आणला. सासूबाई म्हणाल्या, "यावरून एक तरी टोपरं झालेलं दाखव, मंग दुसरा नमुना छाप."

आता मला लिहायची सवय व्रतांच्या कहाण्यांचीच. मी लिहिलं होतं, 'प्रातःकाळी हात धुऊन उजेडाकडे तोंड करून बसावे. दोन टाके सुलट, एक उलट घालावा. मध्ये बोलू नये.' बोललं की टाके चुकतात, एवढंच. छापणाऱ्याने वर हौसेने गणपतीही काढला.

शेजारच्या गंगाबाईंची सून गरोदर, म्हणून पहिला कागद त्यांना दिला. पंधरवड्याने मोठ्या आशेने विचारलं, "झालं का टोपरं?"

"कायचं टोपरं? रोज सकाळी घरधनी वाचतात, आमी सासू-सुना अक्षता घेऊन मुकाट्यानं आयकतो. पन वयनी, तुमची कहानी अधुरी हाये. फळ काय भेटते, थे लिवलंच नाई!"

मी रडकुंडीला आले. सासूबाई मात्र पदर तोंडाशी धरून हसल्या.

"सूनबाई, हाच कागद पुन्हा छापून घे. खाली लिव, जी आयकन तिले पुन्य, अन् जी विनन तिच्या नातवाचे कान गरम!"