तिसऱ्या खेपेनंतर

माई, शेठ, डिंडोलीतले शेजारी, आणि आज कारखाना सोडून कडोदऱ्याहून आलेली मंडळी,

मी दीपक. सुकलाल आबांबरोबर सहा वर्षं काम केलं. मला चार माणसांत बोलता येत नाही. आमचे शेठ म्हणाले, आबांच्या शोकसभेत दोन शब्द बोल. म्हणून काल दुपारी बसून हे लिहून काढलं. कागद हातात आहे, त्याच्या आधाराने उभा आहे. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

आबा पंखे विकत. यंत्रमागांच्या कारखान्यातली गरम हवा बाहेर ओढणारे, माणसाच्या उंचीचे पंखे. कारखाना मोजायचा, किती पंखे लागतील ते काढायचं, कोटेशन द्यायचं आणि होकाराची वाट बघायची. आमचा सगळा धंदा या वाट बघण्यातला. भाव दिल्यावर गिऱ्हाइकाकडे किती वेळा जावं? गेलंच नाही तर तो विसरतो. फार गेलं तर विटतो.

आबा भाव सांगत आणि गप्प बसत. अगदी गप्प. मला ते कधी जमलं नाही. भाव सांगितला की समोरच्याने तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचो, "कमी करून देऊ, शेठ." आबा बाहेर आल्यावर म्हणायचे, "तो विचार करत होता. त्याच्या विचारात तू कशाला पाय घातलास?"

आणि आबांच्या तीन खेपा. इथे बसलेल्या पुष्कळांना त्या माहीत आहेत. भाव दिल्यावर पहिली खेप तीन-चार दिवसांनी, काही अडलंय का ते विचारायला. दुसरी पंधरवड्याने, गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं काहीतरी सांगायला. आणि तिसरी महिन्याने. तिसऱ्या खेपेला आबा म्हणायचे, "शेठ, दिलेला भाव परत घ्यायला आलोय." कोटेशनचा कागद मागून घ्यायचे, घडी घालून खिशात ठेवायचे.

मी विचारलं होतं, "आबा, असं कोण करतं?"

आबा म्हणाले, "माणूस तोंडावर नाही म्हणायला लाजतो. मग फोन उचलत नाही. आपल्याला बघून रस्ता बदलतो. चोरी न करता आपण त्याला चोर केलं, दीपक. त्याला मोकळं करायचं कामही आपलंच."

मला हे पटलं नव्हतं. मी नववीत शाळा सोडलेला, नोकरी जाईल या भीतीने काम करणारा. पहिल्याच वर्षी कडोदऱ्याच्या एका शेठना मी भाव दिला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू केले. सकाळी एक, संध्याकाळी एक. आठवडाभर त्यांनी उचलला नाही. मग एकदा उचलला आणि म्हणाले, "मी बापाला घेऊन दवाखान्यात बसलोय. तुझा पंखा त्यांच्या डोक्यावर लावू?"

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. ठरवलं, हे काम आपलं नाही.

आबा घरी आले. चहा प्यायले, आईशी गावाकडच्या गोष्टी बोलले, गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. मग रोजच. आई म्हणाली, "हा माणूस येतो, चहा पितो, तुला एका शब्दाने विचारत नाही. याला काय हवंय?" सहाव्या दिवशी मीच चिडलो. म्हणालो, "आबा, तुमच्या तीन खेपा कधीच्या झाल्या. आता परत घ्या तुमचा भाव."

आबा हळवे झाले की अहिराणीवर यायचे. म्हणाले, "ते पंखास्नं शे रे. तू काय पंखा शेस का?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. आबांनी मला थेट त्याच शेठकडे नेलं. आधी त्यांच्या वडिलांची चौकशी केली. मला माफी मागायला लावली. मग म्हणाले, "शेठ, भाव परत घ्यायला आलोय."  शेठ हसले आणि त्यांनी चहा मागवला. पंखे त्यांनी घेतले नाहीत, खोटं कशाला सांगू. पण मला माझं नाव विचारलं. आज ते इथे मागच्या रांगेत बसले आहेत.

आता जे सांगायचं आहे ते मला फार जड जातंय. पण त्यासाठीच मी उभा राहिलोय.

माई, आबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "त्यांना काही त्रास होत होता का रे? तुला काही बोलले होते का?" मी म्हणालो, नाही. माई, मी तुमच्याशी खोटं बोललो.

त्रास होत होता. कडोदऱ्याला एका कारखान्याचा जिना चढताना आबा मध्येच थांबले. छातीवर हात दाबून कठड्याला टेकले. मी म्हणालो, "डॉक्टरला दाखवू या." म्हणाले, "गॅस आहे." थोड्या दिवसांनी डबा खाताना तेच झालं. मी परत म्हणालो. "माले काही व्हयेल नही. तू तुनं काम कर."

तिसऱ्या वेळी मी स्वतः दवाखान्यात जाऊन त्यांच्या नावाने नंबर लावून आलो. कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. आबांनी ते नीट वाचलं. मग माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "तीन खेपा झाल्या, दीपक. आता भाव परत घे."

मी पण हसलो, माई. मी ते कार्ड उचललं, त्यांच्यासारखीच घडी घातली, खिशात ठेवलं आणि म्हणालो, "घेतला."

त्यानंतर मी एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, मी आबांचा नियम पाळतोय. सहा वर्षांत पहिल्यांदा बरोबर पाळला, याचा थोडा अभिमानसुद्धा वाटला. दोन आठवड्यांनी आबा गेले.

ज्या माणसाने माझ्या घरी येऊन सांगितलं होतं की तो नियम पंख्यांचा आहे, माणसांचा नाही, त्याच माणसाला मी पंख्याचा नियम लावला. चौथ्यांदा विचारलं असतं तर आबा चिडले असते. पाचव्यांदा शिवी दिली असती. कदाचित सहाव्यांदा आले असते. कदाचित आलेही नसते. मला माहीत नाही. मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना ओढून नेलं असतं, एवढं मात्र मला माहीत आहे. ते मी केलं नाही.

माई, मला माफ करा असं मी म्हणणार नाही. तुम्ही आत्ता काही बोलायलाही नको. मला फक्त तुम्हाला खरं सांगायचं होतं.

आणखी एक. तुमच्या सूनबाईंनी सांगितलं, आबा गेल्यापासून तुम्ही ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेत नाही. परवा मी विचारायला आलो, तुम्ही म्हणालात, "राहू दे." काल आलो, तुम्ही मान फिरवलीत. मी उद्या येणार आहे. परवाही येईन. चहा नका देऊ, बोलूही नका, पण मी येईन. याच्या खेपा मी मोजणार नाही.

शेठनी आबांचा कडोदऱ्याचा भाग माझ्याकडे दिला आहे. भीती वाटते. तुमच्यापैकी बरेचजण मला आता तिथे भेटाल. पंख्यासाठी मी तीनदाच येईन. पण तुमच्यापैकी कुणी जिन्यात छातीवर हात ठेवून थांबलेला दिसला, तर त्याने मला 'तीन खेपा झाल्या' म्हणून परत पाठवू नये.

आता सगळ्यांनी उभं राहावं, एवढी विनंती करतो. दोन मिनिटं आपण आबांसाठी गप्प राहू. भाव सांगून झाल्यावर ते जसे राहायचे, तसे. मला आजवर ते जमलेलं नाही. प्रत्येक वेळी मीच आधी बोलून गेलो.

आबा, मला सांगायचं होतं ते सांगून झालं. आज मी आधी बोलणार नाही.