प्रिलिमचं एक वर्ष

...आणि एवढं सगळं कशासाठी? एका वर्षासाठी! नाही, तुम्हीच सांगा, लग्नाला हॉल घेतात लोक, तोही एका दिवसापुरता, पण हॉलवाला कधी विचारतो का, की 'आमच्याच हॉलमध्ये लग्न करावंसं का वाटलं तुम्हाला?' इथे विचारतात. आमच्या शेजारच्या व्हर्न लिंडगार्डची पोरगी, ब्रिटा, मिनियापोलिसला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती, तिला व्हायचं होतं भूलतज्ज्ञ. चांगलं आहे की! माणूस झोपवायचा, माणूस उठवायचा, मधल्या वेळात तो काही बोलत नाही. पण तुम्हाला सांगतो, तिथेच गोम आहे. भुलीचं शिक्षण देतात एका इस्पितळात, आणि त्याच्या आधीचं एक वर्ष, प्रिलिमचं म्हणतात त्याला, ते करायचं भलत्याच इस्पितळात... साधा डॉक्टर म्हणून वॉर्डात राबायचं, ताप, खोकला, पोट साफ होत नाही, आणि हा वॉर्डही आपला आपण शोधायचा. म्हणजे भुलीसाठी वेगळे अर्ज, वेगळ्या मुलाखती, आणि ह्या एका वर्षासाठी पुन्हा वेगळे अर्ज, वेगळ्या मुलाखती. भूल मिळाली आणि प्रिलिम नाही मिळालं, तर? तर लटकलात. वरचा मजला तुमचा, जिना कुणाचा ते ठाऊक नाही. कशासाठी? एका वर्षासाठी.

बरं, ब्रिटाला ते वर्ष कुठेही नको होतं, इथेच हवं होतं, डुलुथला. कारण व्हर्न. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आयुष्यभर गोदीत क्रेन चालवली ह्या माणसानं, आणि त्याआधीच्या वसंतात त्याला अर्धांगाचा झटका आला तो उजवा हातच घेऊन गेला. हात आहे जागेवर, पण मांडीवर कुणी पिशवी ठेवून गेल्यासारखा. तेव्हा पोरीनं हिशेब केला, गावातल्या इस्पितळात प्रिलिमच्या जागा असतात, एक वर्ष घरी राहीन, डॅडकडे बघीन, मग जाईन भुलीला. व्हर्नला सांगितलं. व्हर्न म्हणाला, 'बघू.' आता आमच्याकडे 'बघू' म्हटलं की ते हो असतं, नाही असतं, की सूप निवलंय असं असतं, हे जन्म इथे काढून मलाही सांगता येणार नाही.

आणि ती बोलावणी! मुलाखतीचं बोलावणं येतं ईमेलनं, आणि आलं की बसल्या जागी उत्तर द्यायचं, कारण तारखा थोड्या, उमेदवार ढीगभर, तुम्ही नाक शिंकरेपर्यंत तारखा संपलेल्या. आणि ईमेल येतं तेव्हा ब्रिटा कुठे? ऑपरेशनच्या टेबलाशी, हात कोपरापर्यंत धुतलेले, कुणाच्या तरी पोटाची कड ओढून धरून उभी. दोन चांगली बोलावणी अशी हुकली, तेव्हा पोरीनं काय केलं असेल? ईमेलचा पासवर्ड दिला बापाला! का तर हा दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसलेलाच असतो, तेवढंच काम.

व्हर्ननं काम घेतलं ते मात्र मनावर. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचा. 'मंगळवार चालेल. व्हर्न.' खाली सही स्वतःची! आयोवातल्या एका मोठ्या डॉक्टरनं मुलाखतीला बसल्याबसल्या विचारलं, 'डॉक्टर व्हर्न आज येणार नाहीत का?' कॅन्ससवाल्यांनी दोन तारखा दिल्या, ह्यानं त्यांतली गैरसोयीची उचलली, कारण दुसऱ्या दिवशी ह्याला दाढीला जायचं होतं. एका ठिकाणी तर ह्यानं विचारलं, की डॉक्टरांना गाडी लावायला पैसे पडतात का, आणि त्यांचं उत्तर आलं, ते पडतात म्हणाले, तर हा कळवतो, 'मग विचार करावा लागेल.' ब्रिटा फोनवर म्हणायची, "डॅड, तू फक्त हो म्हण रे." तर हा, "हो म्हणायला माणूस कशाला लागतो?"

मुलाखती सगळ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, पण द्यायच्या कुठून? इस्पितळात कोपरा मिळेना, तेव्हा गाडीतळावर, गाडीत बसून. वर कोट, खाली ऑपरेशनचा पायजमा. हीटर लावला की काचेवर वाफ, बंद केला की दात वाजतात. आणि समोरचा विचारतो, आमच्याकडेच का? अहो, एका वर्षासाठी माणूस कुठेही जातो, असं सांगायची सोय आहे का? मग ही सांगायची, तुमचं शहर मला आवडतं, तुमचा किनारा आवडतो. समोरचे म्हणाले, "आम्ही नेब्रास्कात आहोत, समुद्र इथून हजार मैल." ही म्हणाली, "लांबून आवडतो."

डिसेंबरपर्यंत पोरीची अशी अवस्था झाली, की दुसऱ्याला भूल द्यायला निघालेली ही आपणच बधिर झाली. कुणीतरी विचारलं, 'तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?' तर म्हणाली, 'हो.' आनंद नाही, राग नाही, भूकसुद्धा घड्याळ बघून लागायची.

आणि ह्या सगळ्यात डुलुथचं बोलावणं काही आलं नाही. लांबलांबची आली, जिथले अर्ज उगाच टाकले होते तिथली आली, घरचं नाही. शेवटी तिनं स्वतःच फोन लावला. तिथे मुलाखतींच्या तारखा लावणाऱ्या बाई, जॅनेट कोस्की, फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "अगं, तुझं उत्तर आलं होतं ना, नको म्हणून. इतकं नम्र उत्तर मी ह्या वर्षी वाचलं नाही." आता तारखा संपल्या होत्या. कुणी गळलं तर कळवते म्हणाल्या. कोण गळतंय?

ब्रिटानं फोन ठेवला. पुढच्या सुट्टीला गाडी काढली आणि आली. व्हर्न घरी नव्हता, तळं गोठलेलं, त्यावरच्या आपल्या लाकडी खोपटात बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला होता. ही आत गेली, उलट्या बादलीवर बसली. त्यानं थर्मासमधलं जंगली तांदळाचं सूप ओतून दिलं, तिनं प्यायलं.

"डुलुथला तू नको म्हणालास."

"हो."

"का?"

व्हर्ननं दोरा जरा हलवून बघितला. "पोरी, सगळे म्हणतात, एकच वर्ष. तू वर्षभर इथे राहणार, माझी बटणं लावणार, मांस कापून देणार. मला सवय होणार. मग तू जाणार. आणि मी पुन्हा पहिल्यापासून शिकायचं? आत्ताच शिकलोय. बटणं मी लावतो. वेळ लागतो, पण लावतो."

तिनं बघितलं, कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत एकेक घर चुकलेली. रडू यायला हवं होतं, तिलाही कळत होतं की आत्ता रडू यायला हवं. आलं नाही. तिनं आणखी सूप मागितलं. संध्याकाळपर्यंत दोघं भोकाकडे बघत बसली, मासा एक लागला, तो लहान होता म्हणून सोडला.

मार्चमध्ये कुणाला कुठली जागा, त्याचा निकाल लागला. भूल मिळाली मिलवॉकीला, उत्तम. आणि प्रिलिमचं वर्ष? एल पासो! पार टेक्सासच्या टोकाला, मेक्सिकोच्या कुंपणाला टेकून! म्हणजे भूल जवळ, आणि तिच्याआधीचं ते एक वर्ष देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिनं बापाला फोन केला, निकाल सांगितला, आनंदानं नाही, दुःखानंही नाही, स्टेशनवर गाडी लागल्याचं सांगतात तसा. मग व्हर्न म्हणाला, "खोल्या किती घेणार आहेस?"

"एक."

"दोन बघ. तळमजल्यावर."

ब्रिटा म्हणाली, "तूच म्हणालास ना, सवय होईल, मग मी जाईन."

"तिथून तू जाणार नाहीस," व्हर्न म्हणाला. "तिथून मी जाणार, आपल्या घरी. ते मला जमेल."

ब्रिटा म्हणाली, "बरं." तुम्हाला सांगतो, त्या सबंध हिवाळ्यात पोरगी पहिल्यांदा हसली ती फोन ठेवल्यावर, तेही कुणी बघत नाही ह्याची खात्री करून.

तर पोरगी मुलाखती देऊन देऊन बधिर झाली, आणि बाप बिनमुलाखतीचा जाऊन बसलाय एल पासोला, बाहीशिवायचा सदरा घालून, त्याला बटणंच नाहीत. फोटो पाठवतो. छान वाटतो. जाताना घराची चावी शेजारी देऊन गेला, म्हणाला, दारातला बर्फ तेवढा बघ, जमलं तर. यंदा बर्फ कंबरेपर्यंत आलाय. आता तो कोण उपसतंय म्हणून विचारू नका... मघापासून पाठ धरून बोलतोय कोण?